उंचीप्रमाणे

मार्चमध्ये मोजणी सुरू केली, नदीवर अजून बर्फ होता.
चौथा मजला, उत्तरेची भिंत, वनस्पतिशास्त्र.
हेल्वे पुस्तक तिरकं करते, मी बारकोडवर लाल रेघ धरतो,
यंत्र टिक् म्हणतं. म्हणजे आहे.
टिक् म्हणालं नाही, तर पुस्तक आहे, नोंद नाही.
आणि नोंद आहे पण पुस्तक नाही,
अशांची यादी वेगळी. ती संध्याकाळी छापायची.
ती वाचताना हेल्वे चष्मा काढून ठेवते,
आजाऱ्याजवळ बसल्यासारखी.

नियम सोपा आहे, कार्यालयातून आलाय:
पंधरा वर्षांत कुणी घरी नेलं नसेल तर जाईल
शहराबाहेर, अकरा किलोमीटर,
सोव्हिएत विमानं उभी राहायची त्या हँगरात.
फेकत नाही हो, मी विद्यार्थ्यांना सांगतो,
नुसतं हलवतो. हिवाळ्यात बटाटे तळघरात ठेवतात ना, तसं.
विद्यार्थी मान डोलावतात. त्यांना प्लगपॉइंट हवा असतो.

तिथं विषय नसतो. तिथं उंची असते.
बावीस सेंटिमीटर बावीसजवळ, तीस तिसाजवळ.
मेंढ्यांचे रोग, त्याला खेटून
कुणा पाद्र्याची प्रवचनं, मग लंबकाचं गणित,
मग लिंडा नावाच्या मुलीला अर्पण केलेल्या कविता,
शाळेत रांगेला उभं करायचे तशी सगळी.
उर्मास तिथं शिडीवर चढतो. त्याला विचारलं, सापडतं कसं?
म्हणाला, पुस्तकाला कुठं ठाऊक असतं
ते कशाबद्दल आहे? खोक्याचा नंबर सांग.

गुरुवारी, खालून दुसरी फळी.
दलदलीतली शेवाळं, एकोणीसशे अठ्ठावन्न, करडं कापड.
मागची तारखांची चिठ्ठी कोरी करकरीत.
यंत्रात शून्य.
हेल्वेनं ते ट्रॉलीत ठेवलं आणि तशीच वाकून राहिली.
फळी बघ, म्हणाली.

फळीभर धूळ, दुधावर साय धरते तशी सलग.
फक्त याच्या पुढ्यात दोन बोटं रुंद पट्टा
लख्ख.

कुणीतरी काढतं. परत ठेवतं. नेमकं तिथंच ठेवतं.
घरी नेत नाही. खिडकीपाशी उभ्यानं वाचत असेल,
किंवा वाचतही नसेल,
एखाद्या चित्रापुरतं येऊन जात असेल.
एकशेबाराव्या पानावर एका शेवाळाचं टोक
पेन्सिलीनं जरा लांबवलेलं दिसलं,
जणू मधल्या काळात ते वाढलं.

लिही, हेल्वे म्हणाली.
कुठं लिहू? शेरा या रकान्यात बारा अक्षरं मावतात.
मी लिहिलं: धूळ नाही.
सोमवारी कार्यालयातून उत्तर आलं:
स्वच्छता राखल्याबद्दल आभार.

पुस्तक गेलं. नियम म्हणजे नियम,
आणि ट्रक बुधवारचाच.
रिकाम्या जागेत हेल्वेनं एक चिठ्ठी उभी केली,
तिच्या त्या उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात:
तुमचं पुस्तक लांब गेलंय, हरवलेलं नाही.
मागा, मंगळवारी किंवा शुक्रवारी येईल.
तुमचं, असं लिहिलं तिनं.
मी काही बोललो नाही.

तीन आठवडे झाले, मागणी आली नाही.
उर्मास म्हणतो खोकं हललेलं नाही.
मग सुतार आले, फळ्या उतरवायला,
तेव्हा चिठ्ठी जागेवर नव्हती.
झाडणाऱ्या बाईला विचारलं, तिनं पाहिली नाही.
वाऱ्यानं म्हणावं तर त्या खिडक्या उघडतच नाहीत.
नोंद नाही, वस्तू नाही.
अशाची यादी माझ्याकडे नाही.

आता पाचवा मजला, भाषाशास्त्र.
काम सावकाश चाललंय, वरून दोनदा विचारणा झाली.
कारण हेल्वे हल्ली पुस्तकाला हात लावण्याआधी
गुडघ्यावर बसते, गाल फळीला टेकवते,
आणि उजेडाच्या दिशेनं एक डोळा मिटून
बराच वेळ
बघते.
मी स्कॅनर बंद करून थांबतो.