कानामागून

मी कुताइसीच्या संगीतशाळेत कोट सांभाळते.
एकतीस हिवाळे झाले. खुंट्या एकशे बारा,
त्यातली सत्तेचाळिसावी तुटकी,
तिच्या बुडख्याला माझी पिशवी.
भिंतीपलीकडे नऊ पियानो.

वर्षातून दोनदा वाखुश्ती यायचा, त्यांचे सूर जुळवायला.
चामड्याची पेटी काखेत,
कोट माझ्या हातात देताना हटकून विचारायचा,
"यंदा कुठला रडतोय?"
मी म्हणायचे, "मला काय कळतंय त्यातलं."

त्याची एक वही आहे, पन्नास वर्षांची.
दोन रकाने. डावीकडे: काय शिकलो.
उजवीकडे: कुणाकडून.
कोटाच्या खिशातून डोकावत होती, म्हणून वाचली.
मग देवाची माफी मागितली
आणि आणखी चार पानं वाचली.

*हातोडीची लोकर सुईनं टोचली की आवाज मऊ होतो.* पोर्फिले, माझे गुरू.
*ओल्या लाकडाशी भांडू नये.* चिआतुरातला एक पियानो.
*खालच्या सप्तकात ऊब असते.* एक उंदरीण, पाच पिल्लं.

शेवटची नोंद अकरा वर्षांपूर्वीची.
पुढे सगळं कोरं.
मला वाटलं, शिकून झालं असेल त्याचं.
होत असेल एखाद्याचं.

मग नुत्सा आली शिकायला,
टायरवाल्या बिचिकोची धाकटी,
नखांत अजून काळं वंगण.
तीन तारांतल्या दोन कशा गप्प करायच्या,
उरलेली कशी ऐकायची,
दोन तारांमधली लाट कशी मोजायची
हे सगळं त्यानंच दिलं तिला, हातचं काही न राखता.
आणि फेब्रुवारीत, सगळ्यांसमोर,
ती म्हणाली,
"वरचं सप्तक चढं लागलंय.
याच पियानोचं नाही. नऊच्या नऊ."

कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात,
ही तर आजिकाहून तिखट.

शिक्षिका खिडकीकडे बघायला लागल्या.
तीन वर्षं त्यांना ठाऊक होतं.
मलाही होतं.
कोटांच्या लोकरीतून गाळून यायचा तो सूर
तरी नख लागल्यासारखा यायचा.
पण म्हाताऱ्याला कोण सांगणार,
आणि कोट सांभाळणारीला कोण विचारणार?
(विचारत होता की. दरवर्षी विचारत होता.)

वाखुश्ती तसाच बाहेर पडला.
रिओनीच्या पुलावर नुसत्या स्वेटरवर
दुपारभर उभा होता म्हणे.
कोट आठ दिवस माझ्याकडे,
खांदे पडलेला.

नवव्या दिवशी आला. कोटाबद्दल बोलला नाही.
वरच्या टोकाची पट्टी दाबली, पुन्हा दाबली,
म्हणाला, "इथे मला फक्त लाकूड ऐकू येतं.
तुला काय येतं? सांग."
नुत्सानं फोन काढला, त्यातली सुई दाखवली.
त्यानं चष्मा पुसून सुई बघितली,
मान हलवली,
आणि मग सुई सोडून तिच्याकडेच बघत बसला.

महिनाभर बघत होता.
तार चढी असली की
तिची डावी भुवई उचलते, तांदळाच्या दाण्याएवढी.
उतरली की ओठ आत जातो.
आणि जुळली, की चेहऱ्यावर काही म्हणजे काहीच राहत नाही.

आता दोघं असे बसतात:
ती पियानोकडे तोंड करून,
तो किल्ली हातात धरून, तिच्याकडे.
केसभर फिरवतो. भुवई.
अजून केसभर. भुवई.
चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस,
पहिलीतल्या पोरासारखी जीभ दातांत धरून.

काल वही उघडली त्यानं, माझ्याच टेबलावर.
पेन्सिल मागितली, टोक केलं,
कात माझ्या पावत्यांवर सांडला.
डाव्या रकान्यात लिहिलं: *वरचं सप्तक.*
उजवीकडे तिचं आडनावासकट नाव,
आणि आडनावात एक अक्षर चुकलं.

नुत्सानं न बोलता खोडरबर पुढे केला.

जाताना त्यानं विचारलं, "कुठला रडतोय?"
मी खुर्ची मागे सरकवली.
म्हटलं, "तिसऱ्या खोलीतला. मधोमध कुठेतरी.
चल, दाखवते.
आणि जाता जाता त्या पट्ट्यांची नावं सांग मला,
पांढऱ्यांपासून."