क्रम

रात्री अकराला बद्रियाबाई दुकानात आल्या.
म्हणाल्या, क्रम बदला.
पार्किंग पहिलं होतं, गटारं दुसरी,
मैदानावरचा दिवा पार तळाला,
फोन नंबरच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत.

मी अरबी वाचत नाही, मांडतो.
उजवीकडून डावीकडे, नुसत्या आकारावरून,
आमच्या खेडचा गवंडी जांभा निवडायचा तसा.

"काल पोरांत बसले मुहर्रकच्या.
एकाचा बाप सियालकोटचा, एकाची आई सेबूची,
गोलकीपर आमच्याच गल्लीतला.
अंधार पडला की मोबाइलच्या उजेडात खेळतात.
पार्किंग कुणीच मागितलं नाही.
मत म्हणाल तर त्यांतल्या एकालाच,
तेही पाच वर्षांनी."

मी दिवा वर ओढला.
गटारं खाली सरकली, कुरकुर न करता.

सांगितलं नाही त्यांना
की तो मोबाइल धरून कडेला उभा असतो ना,
चष्मा फुटल्यापासून,
तो आमचा निनाद.
इथेच जन्मला. खेड त्याला
फोनमध्ये दिसतं तेवढंच.

फ्लेक्स निघाला, अजून ओला.
शाई धरली का बघायला
कोपऱ्यावर बोट टेकवलं.
दिव्याचा पिवळा
डाव्या तर्जनीला लागला,
नखापाशी.

पुसला नाही लगेच.