खळ

एका डब्याला दीड तांब्या पाणी, ओंजळभर मैदा,
चिमूटभर मोरचूद, उंदरांनी कागद खाऊ नये म्हणून.
दोन डब्यांत ऐंशी नोटिसा बसतात.
हँडलच्या दोन्ही बाजूंना एकेक डबा,
कॅरिअरवर नियमांचा गठ्ठा,
आणि सीटवर मी, पाणीपुरवठा विभाग, रोजंदारी.

नियम आता झोपेतही येतात.
नळाला पाईप लावून गाडी धुणे, दंड पाचशे.
टाकी भरून वाहिली तर आधी समज,
मग पावती, मग नळ कापणार.
‘अपव्यय’ हा शब्द मी रोज फोडून सांगतो,
तेलुगूत, कानडीत,
आणि सर्व्हिसिंग सेंटरवर नुसत्या हातवाऱ्यांनी.

हिरेमठांच्या खानावळीत
‘मागितल्याशिवाय पाणी देऊ नये, दिल्यास अर्धा ग्लास’
ही नोटीस आरशाखाली लावली,
तर गिऱ्हाईक म्हणालं, कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि अर्धा ग्लास? जेवू का नवस फेडू?
हिरेमठ हसले नाहीत.
दुसऱ्या दिवशी त्यांनी लहान ग्लास आणले
आणि काठोकाठ भरले.
नियम पाळला का मोडला,
साहेबांना अजून ठरवता आलेलं नाही.

डाइंगवाल्यांच्या गल्लीत गटार
कधी गुलाबी असायचं, कधी मोरपंखी.
टॉवेलांची ऑर्डर कुठल्या रंगाची,
शाळेला जाणारी पोरंसुद्धा सांगायची.
आता तेच पाणी गाळून पुन्हा वापरायचं.
गटार कोरडं पडलंय, कुत्री झोपतात त्यात.
मी नियमाच्या बाजूचा माणूस,
तरी मोरपंखीची आठवण येते,
खोटं कशाला सांगू.

नीलम नगरात, नरसय्या बोद्दुल यांच्या भिंतीवर
कुंचा फिरवला, कागद बसवला,
तेवढ्यात ओट्यावरून म्हातारा म्हणाला,
“खळ कुणी केली?”
मी केली.
“ही खळ नव्हे, चिखल.”
त्याने डब्यात बोट बुडवलं,
अंगठ्याशी चिमटीत उघडझाप केली.
“तार येत नाही बघ.
चाळीस वर्षं ताण्याला कांजी दिली मी.
पीठ शिजलं नाही तर सूत तुटतं,
तुझा तर कागद.”
मग चष्मा लावून अकराच्या अकरा नियम वाचले,
आणि विचारलं,
“ह्यात पाणी किती घातलंस?”

पाच दिवसांनी नळ येणारी गल्ली.
दारादारात झाकलेली पिंपं, पिंपांवर दगड.
तिथे ‘दीड तांब्या’ असं मोठ्याने म्हणायची
माझी हिंमत झाली नाही.

त्याची सून भूदेवी
विडीची पानं भिजवून उपसत होती.
राहिलेलं तपकिरी पाणी तिने अंगणात शिंपडलं,
जिथे दुपारी बसून पानं कापायची, नेमकं तेवढ्याच जागेवर.
कुठला नियम वाचून नाही.
मग आत गेली, भाताची पेज निवळली,
पातेलं माझ्यापुढे ठेवलं.
“ह्याची कर,” म्हणाली, आणि परत पानांशी बसली.
पातेलं परत कधी आणून द्यायचं, तेही विचारायचं राहिलं.

तेव्हापासून मी पेजेची खळ करतो.
आंबूस वास येतो. मुंग्या लागतात.
ऑफिसात डबे दाराबाहेर ठेवायला सांगितलंय.
साहेबांना म्हटलं, हाही एक नियम घाला की.
ते म्हणाले, खळीचं हेड कुठलं दाखवू?

खळ मात्र आता इतकी चांगली होते
की जुनी नोटीस नखाने खरवडून निघत नाही.
ती निघायला भिंत भिजवावी लागेल.
म्हणून दर उन्हाळ्यात
नवी नोटीस जुन्या नोटिशीवरच लावतो,
कोपरे दाबतो, तळहाताने हवा काढतो.

बोद्दुलांची भिंत तेवढ्या जागी
बोटभर जाड झाली आहे.