पय आणि फय

एम.ए. इंग्रजी, पहिलं सत्र, पेपर तिसरा.
अमरावती रोडवरच्या त्या वर्गात कूलर इतका घरघरतो
की घोष आणि अघोष यांतला फरक टेंभरे मॅडमना
आमची बोटं आमच्याच गळ्यावर ठेवायला लावून समजवावा लागतो.
चाळीस जण स्वतःचा गळा धरून बसलेलो.
दारातून डोकावणारा शिपाई घाबरला असेल.

मग कागदाची पट्टी.
ओठांसमोर धरा, म्हणाल्या, आणि म्हणा: पिन.
पट्टी हलली पाहिजे.
आता स्पिन. हलता कामा नये.
इंग्रजाला हे दोन प कधी दोन वाटलेच नाहीत,
एकाच अक्षरात नांदतात, न भांडता.
आपल्याकडे प आणि फ यांचं वेगळं बिऱ्हाड, वेगळी चूल,
म्हणून आमच्यातल्या एकाचीही पट्टी हलली नाही.
काटोलच्या उईकेनं इतका जोर लावला
की ती थुंकीनं ओठाला चिकटली.

घरी, पाचपावलीत, तसला पातळ कागद नव्हता.
बाबांच्या मागाची एक कांडी होती,
माग विकला त्या वर्षी आईनं पिठाच्या डब्यामागे ठेवलेली.
वीतभर धागा तोडला, आईच्या ओठांसमोर धरला.
म्हटलं, पळ म्हण.
"पय."
धागा गप्प.
आता फळ.
"फय."
धागा उडाला, माझ्या नाकापर्यंत आला.

सहावीत वैरागडे सरांनी माझ्या 'डोया'खाली
लाल रेघ मारली होती, दोनदा, कागद फाटेपर्यंत.
त्या दिवसापासून मी तोंडात एक ळ घेऊन हिंडते,
गोटीसारखा. गिळवत नाही, थुंकवत नाही.
आता पुस्तकात असं आहे
की चूक वाक्याआधी एक छोटी चांदणी काढायची,
पण चूक म्हणजे
त्या भाषेत जन्मलेलं कुणीच जे बोलत नाही, ते.
"मले भूक लागून राह्यली."
याच्या आधी चांदणी?
आई रोज बोलते. मावशी बोलते. समोरचा पानठेलेवाला,
आणि भूक लागली की, कुणी ऐकत नसेल तर, मीसुद्धा.
पेन वहीला टेकवून बसले, शाईचा ठिपका मोठा होत गेला.

मग माझा स्वतःचा फ तपासला.
खालचा ओठ दातांखाली जातो.
फोनमधला, फॅशनमधला फ, कॉलेजात कधी लागला कळलं नाही.
धागा नुसता थरथरला.
आईचा दोन्ही ओठ मिटून फुटतो,
कांडी भरताना तोंडावर आलेली रुई उडवावी तसा.

म्हटलं, आई, पिन म्हण, पण तुझा फयातला फ लावून.
"फिन."
अगदी तशी, जशी मॅडमच्या लॅपटॉपमधली लंडनची बाई म्हणते.
"हे बरोबर हाये?"
हो.
"अन मी रोज पिन म्हणतो, थे?"
तेही, इथं.
"मंग वैरागडे सराले सांगून ये एकडाव."

तिनं धागा माझ्या हातातून घेतला, स्वतःच धरला,
दोनचारदा पय-फय करून पाहिलं, एकटीच हसली.
"इंग्रजाले दोन्ही एकच वाटते म्हणतं तू."
हो.
"मंग त्याले फय मांगतलं तं पयते काय थो?"

उत्तर मला येत नव्हतं. सोमवारी मॅडमना विचारीन म्हटलं.
वाक्य वहीत उतरवलं, तिच्या तोंडून आलं तसं,
आधी काहीही न काढता,
आणि खाली, नियमाप्रमाणे:
माहितगार, अंजिरा हेडाऊ, वय बावन्न.
आई वाकून वाचत होती, धागा अजून ओठांसमोर.
"पन्नास लिव," म्हणाली.
धागा हलला नाही.