अप्पा, अजून एकदा

मी थर्माकोल धरला होता.
त्या फिल्ममधलं माझं काम तेवढंच:
उदगीरच्या मोंढ्यातलं सकाळी साडेआठचं ऊन
वळवून शिवलिंगअप्पांच्या डाव्या गालावर टाकायचं,
आणि हलायचं नाही.

अप्पा हुडगे तराजू दुरुस्त करतात.
काटा, साखळी, पारडं, मापाच्या बुडातलं शिसं.
पुण्याहून आलेले निमिष सर म्हणाले, 'शेवटचा तराजूवाला.'
गावात पाय ठेवायच्या आधीच
त्यांच्या कागदांवर तसं छापून झालं होतं.

अडचण एकच निघाली.
समोरच्या ओळीत मकदूमभाईंचं दुकान.
तराजू दुरुस्तीचंच,
आणि गिऱ्हाईक अप्पांपेक्षा जास्त.
सर दोन मिनिटं गप्प. मग फार अदबीनं विचारलं,
तीन दिवस शटर ओढून घ्याल का?
मकदूमभाई म्हणाले, 'हौ, घेतो की.
तेवढंच लातूरला लेकीकडं जाऊन येतो.'
शटर पडलं.
अप्पा शेवटचे झाले.

मग अप्पा गल्लीतून चालले.
अजून एकदा चालले.
जरा हळू, अप्पा. खाली बघत.
अप्पांची चाल मुळात बस सुटल्यासारखी.
सातव्या खेपेला दमले, तेव्हा सर म्हणाले, परफेक्ट.
इलेक्ट्रॉनिक काटा गोणपाटाखाली गेला
(तोही अप्पाच दुरुस्त करतात, निम्मी कमाई त्याची).
'अप्पा, हा धंदा संपला तर काय वाटेल?'
'संपला तर दुसरा करू की.'
कट.
'उत्तर द्यायच्या आधी थोडं थांबा. लांब बघा.'
अप्पांनी लांब बघितलं.
लांब नगरपालिकेची मुतारी होती.

टीम गेली.
पुढं पंधरा दिवस मोंढ्यात कुणी सरळ बोललं नाही.
तौफिक विहिरीतून आल्यासारखा आवाज काढायचा,
'या शहरात... काळ... थांबला आहे.'
बसवराज म्हणायचा, 'काळ नाही बे, देगलूर गाडी थांबलीय.'
मोबाईल हमालाच्या हातगाडीला बांधला, मागून ढकलला.
चाक कुरकुरलं. राहू दे म्हणाले, वातावरण हाय ते.
उदगीरचा शेवटचा स्पीडब्रेकर.
उदगीरचा शेवटचा टकला.
केस गेले तेव्हा काय वाटलं?
तो लांब बघायचा,
आम्ही बोटांवर मोजायचो, एक, दोन, तीन, चार,
कट.
थर्माकोल याही वेळी माझ्याकडंच,
फक्त त्याच्यावर भजी ठेवलेली.

एका दुपारी अप्पा स्वतःच आले.
'मला घ्या की बे. मला येतं ते.'
आणि चालले. इतके हळू
की मधून एक शेळी पुढं निघून गेली.
मधेच थांबून खडा उचलला, तळहातावर तोलला,
उसासा टाकला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
तेवढ्यात समोरचं शटर खडखडत वर गेलं.
मकदूमभाई बाहेर: 'मी बी शेवटचाच हाय. नंबर लावा!'
अप्पा हसायला लागले ते पारड्याला धरून खाली बसले.
मोबाईल हलला. ते हललेलंच ठेवलं.

पुढं सरांचा पेनड्राइव्ह आला.
अप्पांच्या घरी टीव्हीला लावला, सव्वीस मिनिटं.
खोटं कशाला बोलू, फिल्म देखणी होती.
गालावरचं ऊन मी ओळखलं.
गुरुबाई पदर तोंडाला लावून बघत होत्या.
संपल्यावर म्हणाल्या,
'असं कधी बसलाव हो तुम्ही? माझ्यासमोर तर नाही.'
अप्पा काहीच बोलले नाहीत.
मग तौफिककडं वळले, 'आपलं लाव की.'
चार मिनिटांचं ते. तीनदा लावलं.

आता गिऱ्हाइकानं दुरुस्तीचा भाव विचारला
की अप्पा लगेच सांगत नाहीत.
लांब बघतात.
एक, दोन, तीन, चार.
गिऱ्हाईक पाघळतं, वीस रुपये जास्तच देऊन जातं,
आणि समोरून मकदूमभाई ओरडतात,
'अप्पा, अजून एकदा!'