थोडं उरलंय

सायरन्सेस्टरच्या म्युझियममागे, कारपार्कला लागून,
एक बिनखिडक्यांची खोली आहे. बुधवारी मी तिथे असते.
एकतीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं या गावात,
म्हणून हिलरी म्हणाली, बाटल्या तुमच्याकडेच द्याव्यात.

आज ही कुपी आली.
मान लांब, पोट सांबारातल्या कांद्याएवढं.
वजन एकोणीस ग्रॅम.
काचेत एक लांबट बुडबुडा : फुंकणारा घाईत होता,
त्या दिवशी अशा पन्नास उरकल्या असतील त्यानं.
मूळ रंग पाण्यासारखा हिरवट. पण अठराशे वर्षं मातीत राहून
अंगावर कबुतराच्या गळ्याचे रंग चढलेत.
तो आजार आहे काचेचा, हिलरी सांगते. पापुद्रे सुटतात.
पुसायचं नाही.

पूर्वी यांना आसवांच्या कुप्या म्हणायचे.
थडग्यात सापडायच्या ना; लोकांना वाटलं,
रडणाऱ्यांनी गालाला टेकवून भरल्या असतील.
मी मनात हिशेब केला. जुनी सवय.
वीस थेंबांचा एक मिलिलीटर,
ही भरायला निदान दोनशे थेंब.
एवढं कोण रडतं, तेही न सांडता?

तेल असायचं, हिलरी म्हणते. गुलाबाचं वगैरे.
तोंडाला लावायला.

भिंगाखाली मानेच्या आत ओरखडे दिसले,
बारीक, उभे, सगळे खाली गेलेले.
कुणीतरी सळई घालून खरवडलंय.
मिसेस पेगलर आठवल्या, क्रीमची ट्यूब कात्रीनं कापून आणणाऱ्या :
‘बघा, अजून आठवडा निघेल.’
आणि मी तरी काय, साताऱ्याहून आणलेली हिन्याची शिशी
पाच वर्षं पुरवली.
शेवटी तारेला कापूस गुंडाळून आत फिरवला,
कानात फाया ठेवला नि दुकान उघडलं.
दिवसभर गिऱ्हाइकं विचारत होती, कान दुखतोय का?

फॉर्मवर शेवटचा रकाना : आत काय.
वरच्या सगळ्या कुप्यांपुढे ‘काही नाही’.
डोळ्यांत तेल घालून पुन्हा पाहिलं.
पोटाच्या वळणाला, जिथे सळई वाकत नाही,
तिथे तपकिरी डाग आहे, मोहरीएवढा.
हिलरी चहा आणायला गेली होती.
मी नाक जवळ नेलं. नियमात बसत नाही ते.

मातीचा वास आला. नुसता मातीचा.

लिहिलं : थोडं उरलंय.