वाळूचा वाफा

आटपाडीतल्या आमच्या गल्लीच्या गटारीचं तोंड
वाळूकडं वळवलं, त्याला दोन उन्हाळे झाले.

वर येतं ते आमचंच असतं:
साबणाचा फेस, तांदळाचं धुवण,
बाळंतिणीच्या न्हाणीतलं वेखंड,
तालमीतल्या पोरांच्या अंगची लाल माती.
वाळू काही विचारत नाही.
घाईही करत नाही.

पंधरवड्यानं वर साय धरते, काळी, बुळबुळीत.
म्हाकूनाना खोऱ्यानं खरवडतो,
म्हणतो, "हिला बी श्वास लागतो, बाई."

मग खालच्या नळीला थेंब.
कितीतरी वेळानं धार,
करंगळीएवढी.

ओंजळीत धरून वास घेतला.
मातीचा आला.
तरी 'पिऊ नये' अशी पाटी
मीच रंगवलीय, लाल अक्षरांत.

डाळिंबांना वाचता येत नाही,
बरंय.